तीन वर्षांचे खत

एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या कुणब्याचे भवितव्य एका कागदावर ठरत असे. त्याचे नाव कर्जखत. वर मुद्दल, व्याज नि मुदत. खाली सही न येणाऱ्या कुळाने काढलेली नांगराची निशाणी. मजकूर सावकाराचा, नांगर तेवढा कुणब्याचा.

सावकारी जुनीच होती. पण पूर्वी वसुलीला गावाची भीड आडवी येई आणि दामदुपटीच्या रिवाजाने व्याज मुद्दलापलीकडे जात नसे. इंग्रजी अमलात रयतवारीने जमीन खातेदाराच्या नावावर चढली. ती विकता आणि गहाण टाकता येऊ लागली, म्हणजेच कर्जापायी जाऊही लागली. १८५५ मध्ये व्याजदरावरचे कायदेशीर बंधन उठले.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा लावणे भाग पडले. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा, पण घडले उलटे. समजा, शंभर रुपये शेकडा चोवीस व्याजाने घेतले. तीन वर्षांनी व्याज झाले बहात्तर. सावकार म्हणे, नवे खत कर, नाहीतर दावा लावतो. नवे मुद्दल एकशे बहात्तर. पुढच्या खेपेला जवळजवळ दोनशे शहाण्णव. व्याजच मुद्दल झाल्यावर दामदुपट अडवणार कशाला? मुन्सफ फक्त खत पाही. तालुक्याला जाणे न परवडल्याने कुळ हजर नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होई.

अमेरिकेतल्या यादवीत कापूस तेजीत होता, तोवर कर्ज सहज मिळे. १८६५ नंतर भाव कोसळले, त्यातच फेरपाहणीने सारा वाढला, आणि सावकारांनी हात आखडले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात उद्रेक झाला व तो पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांनी मागितली ती खते नि हुकूमनामे, आणि त्यांची होळी केली. ज्यांनी कागद निमूट दिले, त्यांना बहुधा इजा झाली नाही. आपल्याला कशाने बांधले आहे, हे अक्षरशत्रू कुणब्याने अचूक ओळखले होते.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला खतामागचा मूळ हिशेब तपासायला लावले, पावती सक्तीची केली आणि स्पष्टपणे गहाण न दिलेल्या जमिनीला लिलावापासून संरक्षण दिले. पुढे सावकार गहाणाऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले. पळवाट पुन्हा कागदातूनच निघाली. म्हणून कर्जाचा कायदा करणाऱ्याने आधी हे विचारावे: ज्याला हा कागद वाचता येत नाही आणि कोर्टाची पायरी परवडत नाही, त्याचे यात काय होईल?