दोघींनी जायचं असतं

जिना चढताना माझी जोडीदारीण तिसऱ्या मजल्यावर थांबते. थांबते गुडघ्यांमुळे, पण सांगते वेगळंच. "धापा टाकत कुणाच्या दारात उभं राहू नये गं. त्यांना वाटतं, काहीतरी वाईट सांगायला आलोत." मग आम्ही दोघी कठड्याला टेकून उभ्या राहतो. खाली नालासोपाऱ्याचा रस्ता, रिक्षांचा गलका, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. श्वास जागेवर आला की चौथा मजला चढायचा आणि बेल वाजवून दारापासून एक पाऊल मागे उभं राहायचं.

हे मला तिनेच शिकवलं. मी वसईची, प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. 2017 मध्ये निवृत्त झाले आणि त्याच वर्षी आमच्या चर्चमधल्या सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीत नाव घातलं. आठवड्यातून एक बैठक आणि वाटून दिलेल्या कुटुंबांना घरी जाऊन भेट, एवढंच आमचं काम. चर्च म्हणजे रविवारची मिस्सा, नाताळचा गोठा आणि गावचा सण, असं बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं. तेही आहेच. पण चर्च घराला आधार देतं म्हणजे नेमकं काय करतं, असं मला कुणी विचारलं, तर मी त्यांना या जिन्यावर घेऊन येईन.

सोसायटीचा पहिला नियम असा की भेटीला एकट्याने जायचं नाही, जोडीने जायचं. एकटा माणूस गेला की तो देणारा होतो आणि समोरचा घेणारा. दोघं गेले की पाहुणे येतात. शिवाय एक बोलत असताना दुसरा ऐकू शकतो, हेही खरं. माझी जोडीदारीण फार ऐकते. घरात शिरलं की ती इकडेतिकडे बघत नाही. भिंतीचा ओल आलेला कोपरा, रिकामी मांडणी, झाकून ठेवलेला टीव्ही यांतलं काही नजरेने मोजायचं नाही. बसायला सांगतील तिथेच बसायचं. पाणी दिलं तर ते पूर्ण प्यायचं, अर्धा पेला तसाच ठेवायचा नाही. कारण त्या घरात त्या क्षणी देण्यासारखं तेवढंच असतं.

ही रीत पॅरिसहून आली. 1833 साली तिथे फ्रेडरिक ओझानाम नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी कायदा शिकत होता. आदल्याच वर्षी शहरात कॉलराने हजारो माणसं गेली होती. विद्यार्थ्यांच्या एका वादसभेत त्याला टोचून विचारलं गेलं, की तुमच्या चर्चने पूर्वी पुष्कळ केलं असेल, आज ते काय करतंय? उत्तरादाखल त्याने भाषण केलं नाही. मोजक्या मित्रांना घेऊन तो गरिबांच्या घरी जायला लागला. सिस्टर रोझाली रेंद्यू या धर्मभगिनीने त्यांना घरं दाखवली आणि त्या घरांत कसं वागायचं तेही शिकवलं. ओझानाम पुढे सॉर्बोन विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि 1853 मध्ये, अवघ्या चाळिशीत वारला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1997 मध्ये त्याला धन्यवादित घोषित केलं. तो घरसंसार असलेला, लेकीचा बाप असलेला माणूस होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ही कल्पना कुणा धर्मगुरूला नव्हे, एका विद्यार्थ्याला सुचली.

आमच्या बैठकीच्या शेवटी एक कापडी पिशवी फिरते. प्रत्येकाने मूठ आत घालायची. कुणी शंभर टाकले, कुणी दहा, कुणाची मूठ रिकामीच होती, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. ज्याच्याकडे त्या आठवड्यात काही नसतं, त्यालाही मूठ घालता येते. इतक्या वर्षांत मी पाहिलेली ही सर्वांत सभ्य रीत आहे.

खरं तर सोसायटीशी माझी ओळख 2017 च्या कितीतरी आधीची. 1971 च्या पावसाळ्यात माझे वडील विहिरीवरच्या पंपाचा शॉक लागून गेले. मी अकरा वर्षांची होते, पाठचे दोन भाऊ. वडील पहाटेच्या गाडीने दादरला भाजी न्यायचे, ते थांबलं. अंत्यविधीला अख्खी वाडी जमली. आठवडाभर रोज संध्याकाळी अंगणात जपमाळेची प्रार्थना झाली, शेजारून जेवण आलं. मग माणसं आपापल्या कामाला लागली, त्यांनीही किती दिवस थांबायचं! ओसरी एकदम रिकामी झाली.

त्यानंतरच्या रविवारी मिस्सेनंतर दोन माणसं आली. एक शाळामास्तर, एक सुतार. त्यांनी तांदळाची पिशवी आणली होती. आई दारातच म्हणाली, "तांदूळ आहे घरात." नव्हता. मास्तरांनी वाद घातला नाही, पिशवी सायकललाच राहू दिली आणि बसायला जागा मागितली. आईने बिनदुधाचा चहा दिला, तो दोघांनी प्यायला. निघताना सुताराने आमच्या दाराची कडी वरखाली करून पाहिली. ती सैल झाली होती, रात्री आई आतून पाटा लावून ठेवायची. पुढच्या खेपेला तो हत्यारं घेऊन आला. त्या रात्री आई पहिल्यांदा शांत झोपली असावी. तांदळापेक्षा कडीची गरज मोठी होती आणि ती न सांगता कुणाला तरी दिसली होती.

ते दोघं चार वर्षं, एक रविवार सोडून एक, येत राहिले. आईला फुकट काही नको होतं हे त्यांनी ओळखलं आणि म्हशीसाठी बँकेच्या कर्जाला दोघं जामीन राहिले. बसीन कॅथॉलिक बँक ही आमच्याकडे घरातलीच गोष्ट. केळी, पानवेली आणि भाजीपाल्यावर जगणारा इथला शेतकरी सावकाराच्या वहीतून सुटावा म्हणून मोन्सिनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी 1918 साली सहकारी तत्त्वावर ती उभी केली. धर्मगुरूने बँक का काढावी, असा प्रश्न बाहेरच्यांना पडतो. ज्या घरावर कर्ज चढलंय त्या घरात संध्याकाळची प्रार्थना नीट होत नाही, हे मोनीस फादरांना ठाऊक होतं असं मी समजते. आईने तीन वर्षांत कर्ज फेडलं. शेवटची पावती तिने बायबलमध्ये ठेवली होती. ती गेल्यावर ते बायबल माझ्याकडे आलं, पावतीही अजून तिथेच आहे.

आमच्या समाजाचं नावच नात्यावरून पडलेलं. वसईतल्या सामवेदी बोली बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांना कुपारी म्हणतात. 1534 ते 1739 अशी दोनशे वर्षं इथे पोर्तुगीज होते. त्यांच्या 'कोम्पाद्रे' या शब्दावरून कुपारी आला असं मानलं जातं. बाळाचा बाप आणि बाप्तिस्म्याच्या वेळी त्या बाळाला हातात धरणारा धर्मपिता, या दोघांचं एकमेकांशी जे नातं, ते कोम्पाद्रे. म्हणजे मूल जन्मलं की त्याच्यासाठी आणखी एक आईबाप नेमायचे आणि त्यानिमित्ताने दोन घरं कायमची बांधायची. माझ्या धर्ममातेने माझी दहावीची फी भरली. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. मला कळलं ते तिच्या मयताला.

आता वसई तशी राहिली नाही. वाड्यांच्या शेजारी सात सात मजली इमारती आल्या. केरळ, मंगळूर, तामिळनाडू, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं चर्चमध्ये आमच्या शेजारी बसतात. 1998 मध्ये मुंबईपासून वेगळा वसई धर्मप्रांत झाला. पूर्वी फादर सायकलवरून फिरले की सगळ्या घरांची खबर लागायची, आता ते होत नाही. म्हणून वीस-तीस घरांचा एकेक समूह केला आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, बायबलमधला उतारा वाचायचा आणि त्यावर आपापलं बोलायचं. सुरुवातीला कुणी बोलत नाही, मग एखादी बाई हळूच म्हणते, "माझ्या पोराची नोकरी गेलीय." तिथून ती बैठक खरी सुरू होते.

लग्न ठरलेल्या मुलामुलींसाठी शिबिर असतं, ते केल्याशिवाय आमच्याकडे लग्न लागत नाही. डॉक्टर येतात, फादर बोलतात, बरीच वर्षं संसार केलेलं जोडपं येतं. मीही काही वर्षं घरखर्चाच्या तासाला उभी राहिले. त्या मुलांचे सगळ्यात जास्त प्रश्न पैशाचेच असत. शिबिर चांगलंच आहे. पण लग्नाआधी दोन दिवस शिकवणारे आपण, लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर त्या जोडप्याला कुणी काही विचारतं का? दारू घरात शिरते ती तेव्हा. नवऱ्याने टाकलेली बाई चर्चमध्ये हळूहळू मागच्या बाकावर सरकत जाते आणि एक दिवस दिसेनाशी होते. जे येतात त्यांची काळजी आपण छान घेतो. जे यायचे थांबले त्यांच्यामागे जाणारे पाय कमी पडतात. हे मी बैठकीतही बोलते आणि इथेही लिहिते.

माझ्या हातून एक मोठी चूक झाली, तीही सांगते. दुसऱ्या वर्षीच्या नाताळात मी पुढाकार घेऊन कपडे गोळा केले. चांगले, धुऊन इस्त्री केलेले. एका घरी तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला मी निळा झगा दिला. तिने तो उलगडला, पाहिला आणि चेहरा उतरला. तो तिच्याच वर्गातल्या मुलीचा होता. नाताळच्या मिस्सेला तो घालून ती कुणासमोर उभी राहणार होती? त्या घराचं दार नंतर आमच्यासाठी उघडलं नाही. आतून टीव्हीचा आवाज यायचा आणि आम्ही बेल वाजवून परत फिरायचो. जोडीदारीण मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्या वर्षीचा उपवासकाळ मी खऱ्या अर्थाने पाळला. पापनिवेदनाला बसले तेव्हा, नेहमीची यादी न म्हणता, मी फक्त त्या झग्याचं सांगितलं.

अध्यात्म वाढतं ते असं, असं मला वाटतं. माझी आजी लॅटिनमधली मिस्सा अर्थ न कळता तोंडपाठ म्हणायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे मी लहान असतानाच, मिस्सा मराठीत आली. शब्द कळू लागले. तरी पुढची कितीतरी वर्षं मी प्रार्थना पाठांतरासारखीच म्हटली. मत्तयाच्या शुभवर्तमानातला पंचविसावा अध्याय मी मुलांना शिकवलाय, त्यावर प्रश्न काढलेत. त्यातला भुकेला, परका, आजारी माणूस मला चौथ्या मजल्यावर भेटला. आता संध्याकाळी माळ घेऊन बसले की मागण्या कमी येतात आणि घरं जास्त येतात. एका मण्याला एक दार.

त्या चौथ्या मजल्यावरच्या माणसाचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस होतं. बायको घरी ब्लाऊज शिवायची, मुलगा नववीत. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद अडले होते, कारण शिधापत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नव्हतं. ते जुळवायला पाच फेऱ्या झाल्या. पैसे आम्ही फार दिले नाहीत, रिक्षाचं भाडं आणि मुलाची पुस्तकं, एवढंच. बाकी आम्ही बसायचो. तो बोलायचा ते क्रिकेटबद्दल. मला क्रिकेट कळत नाही, जोडीदारणीला कळतं. शेवटच्या महिन्यात त्याचं बोलणं थांबलं, तेव्हा प्रार्थना म्हणू का, असं मी विचारलं. त्याने मान हलवून नको म्हटलं आणि हात पुढे केला. अर्धा तास मी तो हात धरून बसले. इतकी खरी प्रार्थना मी दुसरी केलेली नाही.

तो गेला त्याला वर्ष झालं. या पावसाळ्यात जोडीदारणीच्या गुडघ्यांनी जिने चढायला साफ नकार दिला. नवीन जोडी कुणाशी लावायची याचा बैठकीत विचार चालू होता, तोच रविवारी मिस्सेनंतर त्याची बायको माझ्यापाशी आली. "काकी, मी आले तर चालेल का? मला बोलायला नाही जमणार."

पहिल्या भेटीला तिने माझ्यापुढे एक पाऊलही टाकलं नाही. घर स्टेशनजवळचं, तळमजल्यावरचं. नवऱ्याची किडनी गेलेली, बायको पंचविशीची, मांडीवर मूल. मी नाव सांगितलं, कुठून आलो ते सांगितलं आणि पुढचं सुचेना. तेवढ्यात माझ्या मागून तिने विचारलं, "कागद कुठे अडलेत?" त्या मुलीने पिशवीतून फाईल काढली. दोघी जमिनीवर फाईल पसरून बसल्या. कुठल्या दिवशी गर्दी कमी असते, झेरॉक्स किती काढायच्या, डायलिसिसच्या दिवशी डब्यात काय द्यायचं आणि काय नाही. तिने सगळं सांगितलं. मी मूल मांडीवर घेतलं. मधेच त्या मुलीने उठून दोन पेले पाणी आणलं, आणि माझ्या नव्या जोडीदारणीने बोलणं थांबवून आधी आपला पेला रिकामा केला.