तारुण्याचा ढळलेला आलेख

मनुष्याच्या सुखसमाधानाची मोजदाद करणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये काही वर्षांपूर्वीपर्यंत एक सिद्धान्त बव्हंशी मान्य होता: तारुण्यात समाधान विपुल असते, संसाराच्या व अर्थार्जनाच्या भाराखाली ते ओसरत जाऊन चाळिशी-पन्नाशीच्या सुमारास तळ गाठते, आणि उतारवयात पुन्हा चढू लागते. डेव्हिड ब्लँचफ्लॉवर व अँड्र्यू ऑस्वाल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली, सुमारे पाच लक्ष अमेरिकन व पश्चिम युरोपीय नागरिकांनी स्वतःविषयी दिलेल्या जबान्यांच्या आधारे, हा आलेख साधार मांडला. पुढे २०१२ साली ऑस्वाल्ड यांनी सहकाऱ्यांसह ५०८ चिंपांझी व ओरांगउटान यांच्या मनःस्थितीविषयी त्यांची देखभाल करणाऱ्यांकडून माहिती मिळवली, तेव्हा तेथेही मध्यमवयातील तीच घसरण आढळली. साहजिकच या चढउताराचे मूळ अंशतः शरीराच्या घडणीतच असावे, अशी अटकळ बांधण्यात आली.

अमेरिकेत तो आलेख आता मोडला आहे. शून्यापासून दहापर्यंत पायऱ्यांची शिडी कल्पून आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत, हे लोकांना विचारून जागतिक आनंद अहवाल सिद्ध होतो. त्याच्या २०२४ च्या आवृत्तीतील वयोगटनिहाय देशांच्या क्रमवारीत साठीपुढील अमेरिकनांचा क्रमांक १० वा, तर तिशीच्या आतील अमेरिकनांचा ६२ वा लागला. एकाच राष्ट्रातील दोन पिढ्यांमधली ही तफावत मन विषण्ण करणारी आहे. तरुण स्त्रियांची स्थिती तर अधिकच चिंताजनक.

आजची पिढीच मनाने दुबळी निपजली, असा ठपका वडीलधारी मंडळी ठेवतात, तो मला सर्वथा अन्यायाचा वाटतो. कारण प्राण्याची जैविक घडण दहा-पंधरा वर्षांत पालटत नाही, पालटते ती भोवतालची परिस्थिती. या पालटात भ्रमणध्वनीचा वाटा किती, याविषयी जोनाथन हाइट व कँडिस ऑजर्स या मानसशास्त्रज्ञांमध्ये तीव्र मतभेद आहेत. परंतु ब्लँचफ्लॉवर व ॲलेक्स ब्रायसन यांनी अलीकडे दाखवून दिले आहे की, अमेरिकेतील आलेखाचा हा पालट मुख्यतः नोकरी करणाऱ्या तरुणांच्या वाढत्या नैराश्यामुळे घडला. पहिला पगार घरी आणण्याच्या वयात ज्यांना जगणे असह्य वाटू लागते, त्यांच्या हातातील यंत्राची झडती घेणाऱ्यांनी त्यांचे वेतन, घरभाडे, नोकरीची शाश्वती आणि कामावर त्यांना असलेली मुखत्यारी यांचाही तपशीलवार हिशेब मागितला पाहिजे.