परसातील कुक्कुटपालन : आधी खुराडे, मग पिले

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूर परिसराची शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी घर सोडतात आणि मागे वृद्ध मंडळी व शाळकरी मुले राहतात. अशा घराला परसातील दहा कोंबड्या अंडी आणि हाताशी चार पैसे देऊ शकतात. तथापि, नवशिक्या पालकाचा उत्साह बहुधा पिलांच्या खरेदीतच खर्च होतो व निवाऱ्याचा विचार मागे पडतो. डालग्याखाली झाकलेल्या कोंबड्यांवर एखाद्या रात्री मुंगूस किंवा बोका आला, की सारा उद्योग तेथेच संपतो. म्हणूनच खुराडे आधी, पिले नंतर, हा क्रम पाळणे अगत्याचे आहे.

दिवसभर बाहेर चरणाऱ्या कोंबडीला रात्रीच्या निवाऱ्यात सुमारे दोन चौरस फूट जागा पुरते. म्हणजेच दहा कोंबड्यांसाठी पाच फूट लांब व चार फूट रुंद खुराडे पुरेसे होय. ते खांबांवर, जमिनीपासून दोन फूट उंच बांधावे. त्यामुळे ओल लागत नाही आणि घरातील वृद्ध व्यक्तीसही फारसे न वाकता अंडी काढता येतात व सफाई करता येते.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे उन्हाची तिरीप आत कमी शिरते. पश्चिमेची बाजू बंद असावी. उत्तर व दक्षिण बाजूंचा खालचा अर्धा भाग तुराट्यांच्या कुडाने व शेणमातीच्या लिंपणाने बंद करून वरचा भाग हवेसाठी मोकळा ठेवावा. सर्व बाजूंनी आतून अर्धा इंची चौकोनी, मजबूत जाळी ठोकावी. नेहमीची षट्कोनी पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते. परंतु मुंगसाला बाहेर ठेवीलच असे नाही. छप्पर पत्र्याचे असल्यास उन्हाळ्यात त्यावर पाचट अंथरावे. मराठवाड्याच्या वैशाखात थंडीपेक्षा उष्माच कोंबड्यांना अधिक घातक ठरतो.

आत बसण्यासाठी प्रत्येक कोंबडीमागे आठ-नऊ इंच याप्रमाणे आडव्या दांड्या बसवाव्यात. अंडी घालण्यासाठी एक फूट लांबी-रुंदीची दोन-तीन खोकी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावीत. तळावर भुईमुगाची टरफले किंवा लाकडाचा भुसा पसरावा. तो ओला होताच बदलावा. काढलेला भुसा कुजवल्यास उत्तम खत होते.

पहिल्या वेळी महिनाभराची वाढलेली पिले घेणे सोयीचे, कारण त्याहून लहान पिलांना कृत्रिम ऊब द्यावी लागते. हैदराबाद येथील केंद्रीय संशोधन संस्थेने विकसित केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया या जाती परसासाठीच तयार केलेल्या आहेत. पिले घेताना लसीकरणाची चौकशी अवश्य करावी. मानमोडी अर्थात राणीखेत रोगावर औषध नाही. लस हाच उपाय. पहिल्या आठवड्यात लासोटा व आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी.

चांगले खुराडे मुंगसाला अडवील. रोगाला मात्र कुंपण नसते. एका घराने लस टोचून घेतली आणि शेजारच्या दहा घरांनी टाळली, तर रोग गावात फिरतच राहतो. येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. कुटुंबे तोडणीला निघण्यापूर्वीच पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने साऱ्या गावाचे लसीकरण उरकून घ्यावे. मग मागे राहिलेल्या आजीकडे रोज एकच मुख्य काम उरेल : दिवेलागणीला कोंबड्या मोजून खुराड्याची कडी लावणे.