व्यायाम आणि निद्रा



बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, अशी ख्याती पूर्वापार चालत आली आहे. ज्या भूमीची रात्र वाखाणली गेली, तेथेच झोप येत नसल्याची तक्रार घरोघरी ऐकू यावी, हे विचार करण्याजोगे आहे. मुले पुण्या-मुंबईस किंवा परदेशी. घरी वडीलधारी दोघेच. घड्याळाचे ठोके मोजत रात्र काढायची आणि अखेर उशाशी गोळ्यांची पट्टी ठेवायची, हे चित्र आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. म्हणून या स्मृतिव्याख्यानासाठी मी हा विषय निवडला.

चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहे. निद्रा ही चैन नव्हे, आधार आहे. ती येते कशी? आधुनिक शरीरशास्त्र याचे उत्तर दोन यंत्रणांच्या आधारे देते. पहिली, झोपेची ओढ. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन हे द्रव्य साचत जाते व झोपेची गरज वाढवते. चहा-कॉफीतील कॅफिन त्याच्याच कार्यात अडथळा आणते. दुसरी, शरीरातील घड्याळ. त्याच्या पेशीगत रचनेचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या शास्त्रज्ञांना 2017 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. प्राचीन ज्योतिर्विदांनी ज्या उज्जयिनीवरून मध्यरेषा मानली आणि जेथे सवाई जयसिंहाची वेधशाळा आजही उभी आहे, त्या नगरीतील श्रोत्यांना सूर्यानुसार चालणाऱ्या घड्याळाची महती मी वेगळी सांगावयास नको.

व्यायामाचा परिणाम या दोन्हींवर होतो. श्रमाने गाढ निद्रेचा अंश काहीसा वाढतो. व्यायामाने चढलेले शरीराचे तापमान नंतर उतरते, आणि हा उतार झोपेस अनुकूल असतो, असे अभ्यासक मानतात. मनाचा ताण सैलावतो. शिवाय सकाळच्या उजेडात फिरल्याने शरीराचे घड्याळ नियमित राहते.

हे केवळ तर्क नव्हेत. 1997 मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी झोपेची तक्रार असलेल्या 50 ते 76 वर्षे वयाच्या 43 व्यक्तींवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाने 16 आठवडे, आठवड्यातून चार वेळा, 30 ते 40 मिनिटे झपाट्याने चालण्यासारखा मध्यम व्यायाम केला. त्यांच्या स्वतःच्या नोंदींनुसार झोप लागण्यास लागणारा वेळ सुमारे निम्म्यावर आला आणि झोप सुमारे पाऊण तासाने वाढली.

येथे ‘16 आठवडे’ हे शब्द ध्यानी घ्यावेत. निद्रानाश जडलेल्या मनुष्यास आज चालल्याचे फळ आज रात्रीच मिळते असे नाही. उलट, रात्र वाईट गेली की दुसऱ्या दिवशी पाऊल उचलत नाही. व्यायाम चुकतो आणि चक्र चालूच राहते. पुष्कळ लोक आठवडाभरात निराश होऊन थांबतात, ते यामुळेच. व्यायाम ही गोळी नव्हे, साधना आहे.

साधनेची परंपरा या नगरीस नवी नाही. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबास नवे जीवन दिले, त्याची राष्ट्रीय स्पर्धा 1981 मध्ये उज्जैनमध्येच भरली. मध्य प्रदेशाने 2013 मध्ये त्यास राज्यक्रीडेचा मान दिला, आणि येथील प्रशिक्षक योगेश मालवीय यांना 2020 चा द्रोणाचार्य पुरस्कार लाभला. अर्थात झोपेसाठी मल्लखांबावर चढण्याची आवश्यकता नाही. व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, ही आयुर्वेदाची मर्यादा प्रौढांनी अवश्य पाळावी.

व्यवहारात एवढे पुरे: कोठी रोडवर वा क्षिप्रेच्या घाटावर, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा गतीने, आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालावे. वैशाखात ऊन चढण्यापूर्वी परतावे. संध्याकाळचा व्यायामही चालतो. मात्र दमछाक करणारे श्रम झोपण्यापूर्वीच्या तासाभरात नकोत. उठण्याची वेळ रोज एकच असावी, मग रात्र कशीही जावो.

काही पथ्येही सांगितली पाहिजेत. चालताना छातीत दुखत असेल, किंवा झोपेत मोठ्याने घोरताना श्वास अडत असेल, तर आधी वैद्यकीय तपासणी करावी. चालू असलेली झोपेची गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने झोप येत नसेल, तर केवळ व्यायामावर विसंबू नये. अशा वेळी विचार व सवयी पालटणारी मानसोपचाराची विशिष्ट पद्धत हा प्रथम उपचार मानला जातो.

दूरगावी राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांस माझी एक विनंती आहे. आईवडिलांना दूरध्वनीवर ‘गोळी घेतली का?’ असे आपण विचारतो. त्याच्या आधी ‘आज फिरून आलात का?’ असे विचारीत चला. शाळेच्या मैदानावर आपण व्यायामाचे जे धडे गिरवले, ते परीक्षेपुरते नव्हते. ते आयुष्याच्या उत्तरार्धासाठी होते, असे मी मानतो.