सुई टोचताना बाळ आईजवळच हवे

आपल्या बालवर्गातल्या पुष्कळ मुलांच्या घरी धाकटे भावंड पाळण्यात असते, म्हणून हा विषय या अंकात घेत आहोत.

जन्मानंतर पहिल्या काही तासांतच बाळाला सुई टोचली जाते. के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, मांडीत हिपॅटायटिस बी, डाव्या दंडावर बीसीजी. काविळीची शंका आली तर टाचेतून रक्त घेतात. पुढे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला पुन्हा लसी (हिंदीच्या सवयीने आपण इंदूरकर ‘टीका लावला’ म्हणतो, त्या). बाळ किंचाळते आणि घरातले कोणीतरी म्हणते, “एवढ्याशा जिवाला काय कळतंय!”

हे मत घरच्यांचेच होते असे नाही. नवजात बाळाचे मज्जातंतू अपुरे असतात, त्याला वेदना जाणवत नाही, असे १९८० च्या दशकापर्यंत अनेक डॉक्टरही मानत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर शस्त्रक्रिया होत, त्यासुद्धा पुरेशा वेदनाशामकाविना. ही समजूत ज्यांच्या संशोधनाने हलली त्यांत डॉ. कंवलजीत सिंग आनंद हे प्रमुख. त्यांचे एम.बी.बी.एस. आपल्या इंदूरच्या महात्मा गांधी मेडिकल कॉलेजचे, हे इथे फार थोड्यांना ठाऊक आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटानिल हे वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी होतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते, हे त्यांनी व त्यांच्या ऑक्सफर्डच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले.

साध्या सुईसाठी अर्थातच असे औषध लागत नाही. तिथे आईचे दूध आणि आईची ऊब हाच मोठा उपाय आहे. मात्र आपण करतो उलटे. बाळाला टेबलावर निजवतो, घट्ट धरतो, टोचून झाल्यावर आईकडे देतो. खरे तर सुईच्या आधी दोन-चार मिनिटे बाळाला पाजायला घ्यावे, ते नीट चोखू लागले की मग टोचावे आणि नंतरही पाजणे चालू ठेवावे. चोखणे, दुधाची गोडी, आईचा वास आणि स्पर्श या सगळ्यांचा मिळून परिणाम होतो. रडणे अगदी थांबेल असे नाही, पण कमी नक्की होते. पाजताना टोचल्याने ठसका लागेल ही भीती बाळगू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लसीकरणाच्या वेळी बाळाला पाजण्याची शिफारसच केली आहे. “सिस्टर, मी पाजायला घेते, मग टोचा,” एवढे म्हणायला संकोच कसला? गर्दीच्या दवाखान्यात कधी कपाळाला आठ्या पडतील, तरी म्हणावे.

पाजणे शक्य नसेल तर बाळाला फक्त लंगोट ठेवून आईच्या किंवा बाबांच्या उघड्या छातीशी दहा-पंधरा मिनिटे धरावे. रुग्णालयात कधी साखरेच्या पाण्याचे थेंब जिभेवर देतात, त्याचाही काही मिनिटे उपयोग होतो. पण ते मोजून, तिथल्या लोकांनीच द्यायचे. घरी करू नये. आणि मध तर मुळीच चाटवू नये. आजीचा कितीही आग्रह असला तरी वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

टोचलेली जागा चोळण्याची आपली जुनी सवयही सोडावी. पोटात द्यायची रोटाव्हायरसची लस गोड असते, ती सुईच्या आधी पाजावी. अनेक सुया असतील तर जास्त दुखणारी शेवटी.

अपुऱ्या दिवसांचे बाळ अतिदक्षता विभागात असेल तर त्याला दिवसातून अनेकदा टोचावे लागते. तिथे दोन-तीन तपासण्यांचे रक्त एकदाच घेता येईल का, आणि त्या वेळी आईला बाळाजवळ बसू द्याल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.