फिल्टर केवढा? माशांना विचारा

“तळं सहा हजार लिटरचं, डब्यावर लिहिलंय दहा हजार लिटरपर्यंत. मग फिल्टर कमी पडेलच कसा?” बागेत कोई पाळणाऱ्यांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय, की आता राग येतो. कारण बहुतेकदा हा प्रश्न मासे मेल्यावरच विचारला जातो.

डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. चांगले उत्पादक तीन आकडे देतात: तळ्यात मासे नसतील तर, मासे असतील तर आणि कोई असतील तर. ठळक छापलेला असतो तो पहिला. कोईंसाठीचा आकडा कित्येकदा त्याच्या पाव असतो.

असं का? फिल्टरवरचा भार पाण्याचा नसतो, खाद्याचा असतो. खाल्लेल्या प्रथिनांतला बराच नायट्रोजन कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन पाण्यात उतरतो. मत्स्यशेतीतल्या रूढ हिशेबानं 35 टक्के प्रथिनांच्या 100 ग्रॅम खाद्यातून साधारण 3.2 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन तयार होतो. कोई रोज एवढं खात असतील, तर सहा हजार लिटरमध्ये हे झालं लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम, तेही रोज. पीएच 8 असताना 20 अंशांच्या पाण्यात त्यातला सुमारे 4 टक्के भाग विषारी रूपात असतो. पाणी 30 अंशांपर्यंत तापलं की साडेसात टक्के. फ्लोरिडा विद्यापीठाच्या मार्गदर्शिकेनुसार हे रूप लिटरमागे 0.05 मिलिग्रॅमच्या वर गेलं, की माशांना इजा होऊ लागते. फिल्टरच नसेल, तर उन्हाळ्यात ही हद्द दुसऱ्याच दिवशी ओलांडली जाते. याच तळ्यात रोज पाच ग्रॅम खाणारे चार गोल्डफिश असते, तर तोच फिल्टर आरामात पुरला असता. तळं तेच, लिटर तेवढेच; फरक फक्त खाणाऱ्यांचा.

आणि कोई वाढतात. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. म्हणून फिल्टर घ्यायचा तो आजच्या बोटभर पिल्लांसाठी नाही, उद्याच्या हातभर माशांसाठी.

लिटरचा हिशेब लागतो तो मुख्यतः पंपासाठी. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये गुणा, त्याला हजारानं गुणा. कोईंच्या तळ्यातलं सगळं पाणी तास-दोन तासांत एकदा फिल्टरमधून फिरायला हवं. पंपावरचा मोठा आकडा मात्र शून्य उंचीचा असतो. पाणी मीटरभर वर चढवायचं असेल तर प्रवाह घटतो. त्या उंचीचा आकडा तक्त्यात पाहा.

आता बाकीचे गैरसमज.

“पाणी नितळ आहे.” अमोनियाला रंग नसतो. चाचणी करा.

“यूव्ही दिवा आहे ना!” त्यानं पाण्यातलं तरंगतं हिरवं शेवाळ जातं. अमोनिया तसाच राहतो.

“रात्री बंद ठेवतो, वीज वाचते.” अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना वाहत्या पाण्यातूनच प्राणवायू मिळतो. पाणी थांबलं की ते मरू लागतात.

“दर रविवारी नळाखाली स्वच्छ धुतो.” नळातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं. स्पंज तळ्याच्याच पाण्यात खंगाळा.

“कालच बसवला, आज मासे सोडतो.” जिवाणूंची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडे, खाद्य त्याहून थोडं.

नवा फिल्टर घेण्याआधी आठवडाभराचं खाद्य वजनकाट्यावर मोजा आणि 7 नं भागा. मासे वाढणार, म्हणून त्यात भरपूर वाढ धरा. दुकानात तो आकडा घेऊन जा, आणि हा फिल्टर रोजचं किती ग्रॅम खाद्य पेलतो, एवढंच विचारा.