तळ्यांचं शहर आणि एसीचं पाणी

बस इथे, कोलकात्याची गोष्ट सांगतो.

१८९९ साली तिथे विजेचं पहिलं केंद्र सुरू झालं, दिव्यांसाठी. गारव्याचं काम पाण्याकडे होतं: गल्लोगल्ली पुकुर, म्हणजे तळी, आणि पूर्वेला दूरवर पाणथळ.

पाणी गारवा कसं देतं? आपला माठ बघ. तो पाझरतो, पाण्याची वाफ होते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता विजेच्या हिशेबात जवळजवळ दोन तृतीयांश युनिट भरते. एका लिटरला एवढी! मग अख्ख्या तळ्याची किती?

शहर वाढलं. १९६०च्या दशकात हुगळीचा गाळ आणून खारी तळी भरली, तिथे सॉल्ट लेक नावाचं उपनगर उभं राहिलं. पुढे राजारहाटला न्यू टाऊन झालं. वाफ उठायची तिथे काँक्रीट आलं. ते दिवसभर तापतं आणि रात्रभर ऊब सोडत राहतं, म्हणून रात्रीही एसी चालतो.

एसीच्या नळीतून टपटप पडणारं पाणी पाहिलंयस ना? ती खोलीतल्या हवेतली वाफ. तिचं पुन्हा पाणी होताना तीच उष्णता परत निघते, लिटरमागे तेवढीच, आणि एसीला ती बाहेर टाकावी लागते. कोलकात्याच्या दमट हवेत एसीची बरीच ताकद यातच जाते. दीड टनाचा एसी खोलीतली सव्वापाच किलोवॅट उष्णता काढतो, स्वतः दीडेक किलोवॅट वीज खातो आणि सगळी मिळून पावणेसात किलोवॅट गल्लीत सोडतो. समोरच्यांची खोली तापते, मग तेही एसी घेतात.

३० एप्रिल २०२४ला कोलकात्यात ४३ अंश तापमान होतं. त्याच महिन्यात शहराला वीज पुरवणाऱ्या सीईएससीची मागणी २,७०० मेगावॅटच्या वर गेली.

तरी पूर्वेकडची साडेबारा हजार हेक्टर पाणथळ अजून आहे. तिथल्या भेड्यांत, म्हणजे मत्स्यतळ्यांत, शहराचं सांडपाणी उन्हाने शुद्ध होतं आणि त्यावर मासे पोसतात. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने ती जपण्यात आयुष्य घातलं. २००२ साली ती रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आली. माझ्या मते कोलकात्याचं याहून मोठं वीजबचतीचं काम दुसरं नाही.

तेव्हा आपल्याकडे कुणी तळं बुजवायला निघालं, तर मोठ्यांना हा एका लिटरचा हिशेब नक्की सांग.